पाताळातलं डाळिंब

माहेरी गेलेली बायको परत आणायचा रामबाण उपाय माझ्याकडे आहे. एक नाही, दोन-दोन संस्कृतींनी मान्य केलेला!

मी संग्रहालयाच्या तळघरात मूर्ती पुसतो, पाट्या लावतो. सासूबाई घसरून पडल्या, खुबा मोडला, म्हणून ही त्यांच्याकडे गेली. हाड जुळलं, हातात काठी आली, तरी ही तिथेच. इकडे मी सवयीनं दोन कप चहा करायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. फार आठवण आली की खुंटीवरच्या तिच्या शालीशी बोलायचो.

तेवढ्यात संचालकबाईंनी फर्मावलं, "तळघरात नवं दालन उघडतंय. ग्रीकांचा पाताळदेव आणि रोमनांचा पाताळदेव, दोघांतला फरक तुम्ही सांगायचा."

वाचायला बसलो आणि उडालोच! दोघांचीही बायको दरवर्षी कित्येक महिने माहेरी! आणि परत का येते? तर पाताळात डाळिंबाचे दाणे खाल्ले म्हणून. तिथलं खाल्लं की तिथं परतावंच लागतं.

आता माझं तळघर म्हणजे पाताळच की! लगेच हिला फोन लावला.

"माझं भाषण आहे. येशील?"

"येते की! आईलाही आणते, घरात बसून कंटाळलीय."

उद्घाटनाला पहिल्या रांगेत, हिच्या खुर्चीशेजारी स्टुलावर सोललेल्या डाळिंबाची वाटी ठेवली आणि सुरुवात केली.

"ग्रीकांचा हेडीस! लोकांना त्याची इतकी धास्ती की नाव घ्यायचीही चोरी. म्हणून त्यांनीच त्याला 'श्रीमंत' अशा अर्थाचं दुसरं नाव दिलं. रोमनांनी तेच उचललं. तो प्लूटो! जमिनीखालचं सगळं धन त्याचं, त्यामुळे त्याचा दरारा जरा कमी. पण घरात दोघांची गत एकच. बायको गेली की एवढ्या मोठ्या सिंहासनावर एकटं बसायचं..."

माझा आवाज चिरकला. हिनं चमकून वर पाहिलं. तेवढ्यात मागून एका पत्रकाराचा हात वाटीकडे आला.

"खाऊ नका!" मी ओरडलो. "ते खाल्लं तर इथून सुटका नाही!"

"विष!" पत्रकार किंचाळला. पहारेकऱ्यानं धोक्याची घंटा दाबली. संचालकबाई चपला हातात घेऊन जिना चढल्या. बघता बघता तळघर रिकामं! उरलो मी, दोन दगडी देव, ही आणि सासूबाई. त्यांना पळता कुठं येतंय? वाटी मांडीवर घेऊन त्या निवांत दाणे खात होत्या.

"आई, टाक ते!" ही ओरडली.

"का म्हणून? मी सगळं नीट ऐकलंय. हे खाल्लं की इथून सुटका नाही, इथंच राहायचं. बरोबर ना, जावईबापू?" त्यांनी शेवटचा दाणा तोंडात टाकला. "ही रोज निघते म्हणते, मीच अडवते. ही गेली की त्या घरात मी बोलू कुणाशी?"

शालीशी बोलणाऱ्याला हे कळणार नाही तर कुणाला? "चला आई," मी म्हणालो, "दोघीही चला."

ही डोळे पुसत म्हणाली, "अहो, पण एकदा तरी नुसतं 'घरी ये' म्हणायचं!"

दोन देवांना जे सुचलं नाही, ते मला कुठून सुचणार?

आता घरात तीन कप चहा होतो. सासूबाईंना आधार लागतो म्हणून ही त्यांच्या खोलीत झोपते, मी बाहेर. भिंतीपलीकडून हिचं हसू ऐकू येतं आणि तिची आठवण पूर्वीपेक्षा जास्त येते. ग्रीक घ्या नाहीतर रोमन, कुठल्याच देवाची सासू खाली राहायला आल्याचं मी वाचलेलं नाही!

बोलायला शालही उरली नाही. ती सासूबाई पांघरतात.