मलकापूरचा समुद्र

"आप्पा, तुमचा समुद्र जरा बंद करा की. फोनवर काय ऐकू येईना."

हे वाक्य मी जिन्यात ऐकलं. मलकापुरात येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. बाबांची सांगलीहून बदली झाली आणि हायवेपासून दोन गल्ल्या आत, एका तीन मजली इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहायला आलो. मलकापूर आणि समुद्र यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आहे. त्यामुळे मी पायरीवरच थांबले. खालच्या दुकानात एक बटण खट्कन वाजलं आणि आठवडाभर माझ्या खोलीच्या फरशीखालून येणारी घरघर थांबली. मग तो फोनवाला माणूस शांतपणे म्हणाला, "हां, आता बोल. मोटार भरून झालीया."

मी अनोळखी दुकानात सहसा जात नाही. ओळखीच्याही जात नाही. पण समुद्र बंद करायचं बटण कुठे असतं, हे बघितल्याशिवाय मला राहवेना.

दुकान मोटार वायंडिंगचं होतं. उसाला पाणी देणाऱ्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या आप्पांकडे टाकून जातात आणि आप्पा त्यांच्यात तांब्याची नवी तार भरून देतात. मध्ये जळक्या मोटारींचा ढीग, भिंतीवर तारेची रिळं आणि कोपऱ्यात दोन रुळांवर आडवं ठेवलेलं एक निळं प्लास्टिकचं पिंप. पिंपाला पट्टा, पट्ट्याला मोटार. पिंपावर ऑइलपेंटनं लिहिलेलं: समुद्र.

"ह्याच्यात काय आहे?" मी विचारलं. नव्या माणसाला आपणहून विचारलेला तो माझा त्या वर्षातला पहिला प्रश्न असावा.

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा माणूस, बोटांना वार्निशचा पिवळा रंग कायमचा बसलेला. त्यांनी झाकण उघडून मूठभर वाळू माझ्यापुढे धरली. वाळूत काचा होत्या. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या, कडा झिजून गोल झालेल्या, धुकं धरल्यासारख्या. गुहागरच्या किनाऱ्यावर मी लहानपणी वेचल्या होत्या तशा.

त्यांचीही सुरुवात गुहागरलाच झाली होती. नवराबायको एकदा एसटीनं गेले आणि रुमालभर काचा घेऊन आले. आप्पांनी वायंडिंगच्या उरलेल्या तारेत एक काच गुंडाळून बायकोला कानातलं करून दिलं. मग दुसरं. काचा संपल्या, पण दर वेळी घाट उतरून जाणं परवडेना. तेव्हा आप्पांनी विचार केला.

"समुद्र म्हंजे काय? एक मोटारच. चंद्रावर चालतीया," ते मला म्हणाले. "आपली लाईटीवर."

पिंपात कृष्णेची वाळू, पाणी आणि ढाब्यावरच्या फुटक्या बाटल्या असायच्या. शिवाय मूठभर मीठ. मीठ कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "काचंला वाटाय पायजे, आपुन समुद्रात हाय." लाईट असली की भरती, गेली की ओहोटी. गिऱ्हाईक विचारायचं, मोटार कवा मिळंल? तर आप्पा बाहेर बघून सांगायचे, "आज ओहोटी लय हाय. उद्या या."

मला ते 'कॉन्व्हेंट' म्हणत. नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी सांगलीत इंग्रजी शाळेत शिकले आणि बंगळूरच्या एका कंपनीसाठी घरी बसून मोबाइलच्या ॲपची बटणं आखते, एवढं त्यांना कळलं होतं. "म्हंजे बटणं तूबी करतीस आन् मीबी," असं त्यांनी एकदा नोंदवलं.

हळूहळू मी खाली जाऊ लागले. बोलण्यासाठी नाही, बघण्यासाठी. जाड बोटांचा हा माणूस केसाएवढी तार अशा नाजुकपणे काचेभोवती फिरवायचा की समोरचा शेतकरीही आपली जळलेली मोटार विसरून बघत राहायचा. लॉकेट, कानातली, साडीपिना, केसांचे चाप. काचेला भोक मात्र पाडायचे नाहीत. "एवढी घासून गुळगुळीत केली, आन् आता तिला भोसकायची?"

दोन गोष्टींचा मला उलगडा होत नव्हता.

पहिली म्हणजे, दागिना तयार झाला की आप्पा तो दुकानामागच्या पडद्याआड नेत. "तपासणीला," म्हणत. पाच मिनिटांनी बाहेर येऊन एकच शब्द सांगत, पास किंवा नापास. नापास झालेला दागिना कितीही सुंदर असो, तार उलगडून पुन्हा करायचा. पडद्यामागे त्यांच्या राहत्या खोल्या होत्या आणि तिथे काकू असायच्या, पण त्यांना इमारतीत कुणी फारसं पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ही दोघं रहिमतपूरहून आली. काकू दारात उभ्या राहत नाहीत, कुणाकडे जात नाहीत. आईनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं तर आप्पाच वाण घ्यायला आले, तेही हात धुऊन, अगदी गंभीरपणे. सगळ्या बायका हसल्या. काकू गर्विष्ठ आहेत असं इमारतीचं मत पडलं, आणि आप्पा बायकोच्या ताटाखालचं मांजर.

दुसरी गोष्ट म्हणजे, दागिन्यांची रचनाच उलटी होती. तारेचे पीळ आणि गाठी सगळ्या पुढच्या बाजूला, दिसतील अशा. आणि काचेची सर्वांत सुंदर, नितळ बाजू मागे, अंगाला लागून. हे म्हणजे साडीचा काठ आत घालण्यासारखं झालं. मी पंधरा दिवस गप्प बसले. मग एक दिवस धीर करून एका कागदावर तीन लॉकेटं काढून दिली: गाठी मागे, काच पुढे. आप्पांनी कागद बराच वेळ न्याहाळला. "झ्याक हाय," म्हणाले, आणि तंतोतंत तशी तीन करून आत घेऊन गेले.

तिन्ही नापास.

मला राग आला, हे कबूल करायला हवं. मी डिझाइन शिकलेली आणि मला नापास करणारं पडद्यामागचं ते कोण?

नेमक्या त्याच आठवड्यात सुभेदार आमच्या घरी आले. सुभेदार म्हणजे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. फौजेतून निवृत्त झाले तरी रोज सकाळी पार्किंगची पाहणी करतात. माणूस चांगला, पण त्यांच्या नातीची दहावी होती आणि पिंपाच्या घरघरीनं तिचं लक्ष लागत नव्हतं. तोंडी सांगून आप्पा ऐकत नाहीत, हसतात. तेव्हा आता रीतसर लेखी अर्ज द्यायचा, आणि तो इंग्रजीत हवा, म्हणजे वजन पडतं. "बेटी, तू कडक ड्राफ्ट कर," ते म्हणाले.

नाही म्हणायला मला जमत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला नाही म्हणायचंही नव्हतं. ऑफिसच्या प्रत्येक कॉलवर पिंपाची घरघर ऐकून बंगळूरची मंडळी विचारायची, तुझ्याकडे पाऊस पडतोय का? भर थंडीतही. मी अर्ध्या तासात एक पान लिहिलं. शब्द असे निवडले की वाचणाऱ्यानं आधी डिक्शनरी काढावी. आमचा फ्लॅट बरोबर दुकानाच्या वर, म्हणून पहिली सही माझीच. खाली आणखी सहा सह्या झाल्या. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग ठरली.

त्याआधी शुक्रवारी दुपारी मी खाली गेले. आप्पांच्या दागिन्यांना लावायची कार्डं मी छापून आणली होती. सांगलीच्या एका दुकानानं त्यांचा माल ठेवायचं कबूल केलं होतं. मजकूर आप्पांनीच सांगितलेला: 'ही काच समुद्राची न्हाई. मलकापूरची हाय.' तो बदलायला ते तयार नव्हते. आत अर्जाची टोचणी होती, कार्डं देऊन पटकन परतायचं ठरवलं होतं.

लाईट गेलेली. पिंप थांबलेलं. आप्पा कुणाच्या तरी विहिरीवर मोटार बसवायला गेले होते.

"कोण हाय?" पडद्यामागून आवाज आला.

"मी. वरची."

"कॉन्व्हेंट व्हय? ये की आत."

काकू बोळकांडीच्या मधोमध फरशीवर बसल्या होत्या. मांडीवर ताट, ताटात काचा. स्वयंपाकघर त्यांच्यापासून पाच पावलांवर, खोली पाच पावलांवर, आणि त्या मध्येच बसलेल्या. म्हणाल्या, ताट हातात तसंच घेऊन दूध तापवायला निघाले होते, तेवढ्यात लाईट गेली, म्हणून बसले. आता लाईट आली की उठेन.

दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. लाईट कशाला हवी, असं मी विचारणार होते. तेवढ्यात त्यांनी ताटातली एक काच उचलली, गालावरून फिरवली, मग ओठावरून, मग मनगटाच्या आतल्या बाजूवरून. त्यांची नजर या सगळ्यात भिंतीवरच होती.

साखरेनं डोळे गेले, हे त्यांनीच सांगितलं, भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं. दवाखाना जवळ पडावा म्हणून इकडे आलो, पण उशीर झाला होता. "कुणाला बोलू नगंस. बिचारी बिचारी म्हणत्यात. त्यापरीस गर्विष्ठ बरी."

मग हातातली काच माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "ही कसली गं?"

"ब्राउन," मी म्हणाले.

त्या हसल्या. "ब्राउन म्हंजे कसली? ह्यांना इचारलं की सांगत्यात, काकवीगत. काल एक हिरवी दिली, उसाच्या कोवळ्या पानागत म्हणाले. पांढरी आली की ताकावरच्या निवळीगत."

मी दिवसभर रंगांचंच काम करते. त्या काचेच्या रंगाचा सहा अक्षरी कोड मला तोंडपाठ होता. शब्द नव्हता.

"ती तीन तू काढलीस ना?" त्यांनी विचारलं. "दिसाय चांगली असतील. पर पाठीला गाठी. टोचत्यात. पुढली बाजू लोकांची असती बाई, पाठली आपली. जिनं घालायचं तिला दिसभर तीच लागती."

मी काही बोलायच्या आत लाईट आली. दुकानात पिंप घरघरायला लागलं. ताट खाली ठेवून काकू लगेच उठल्या. मान किंचित कलती करून एक क्षण आवाज घेतला, आणि मग तो पाठीशी ठेवून सरळ चालत गेल्या. भिंतीला हात नाही, अडखळणं नाही. पाचव्या पावलाला डावीकडे वळल्या आणि दुधाच्या पातेल्यावर हात ठेवला.

"रहिमतपूरचं घर पाठ हुतं," आतून म्हणाल्या. "हितं ह्यो समुद्र कुठं हाय त्यावरनं कळतं, मी कुठं हाय. म्हणून तर हे दिसभर चालू ठिवत्यात. एवढ्या काचा कोण घेतंय?"

मी कार्डं ताटाशेजारी ठेवली आणि वर आले. दोन रात्री माझा अर्ज मला पाठ म्हणता येत होता.

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. आप्पा बसले नाहीत, खांबाला टेकून उभे राहिले, खिशात पक्कड. सुभेदारांनी अर्ज वाचायला घेतला. तिसऱ्या ओळीतल्या माझ्या शब्दापाशी ते अडले, मागे गेले, पुन्हा चाल करून आले आणि शेवटी त्याला वळसा घालून पुढे निघाले. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, आप्पा, तुमचं काय म्हणणं?

मला वाटलं, आता आप्पा चंद्राची मोटार काढतील. सगळ्यांना हसवतील आणि निसटतील. पण ते खाली बघत राहिले. काकूंना कुणी बिचारी म्हणू नये, याची ते दोन वर्षं राखण करत होते. ती त्यांनी तिथेही सोडली नाही.

"बंद करतो," ते म्हणाले. "पोरीची दहावी हाय. फकस्त दोन दिस द्या. आत सांगावं लागंल."

सुभेदारही जरा गोंधळले. त्यांनी मोठ्या लढाईची तयारी केली होती. कुणीतरी खुर्ची सरकवली. आप्पांनी हात पुढे करून अर्ज मागून घेतला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्या पानावरून बोट फिरवलं, काच तपासतात तसं. एवढ्या इंग्रजीतलं त्यांना एक अक्षर कळत नसणार.

"इंग्लिश लय भारी हाय," ते मनापासून म्हणाले. "कुणी लिवलं?"

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. आईनं मात्र पाहिलं. इमारतीतल्या इतक्या माणसांसमोर मी तोवर एक वाक्य बोलले नव्हते. लाईट होती, त्यामुळे दुकानातून घरघर येत होती, आणि आत कुणीतरी त्या आवाजाच्या अंदाजानं पाच पावलं चालत असणार होतं. जे खरं कारण होतं ते सांगायचं नव्हतं. दुसरं एक माझ्याकडे होतं, तेही खोटं नव्हतं. त्या दोन रात्री पिंप बंद झाल्यावर मला झोप लागली नव्हती.

मी उभी राहिले.

"मी लिहिलंय, आप्पा," मी म्हणाले. "सुभेदारकाका, पहिली सही माझी आहे, ती खोडा. तुमच्या नातीनं परीक्षेपर्यंत आमच्या मागच्या खोलीत येऊन बसावं, तिथे ऐकू येत नाही. सगळ्यात जास्त आवाज माझ्या खोलीत येतो, आणि समुद्र बंद झालेला मला चालणार नाही."