भाऊंचा मर्दानी दमा

दत्तारामभाऊंना दमा नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, घरी बायकोलासुद्धा नाही. डिचोलीत माझी फार्मासी आहे, भाऊंचा दम्याचा पंप माझ्याच दुकानातून जातो. आमच्या वाड्यावर दमा म्हटला की दत्तारामभाऊच. तेव्हा गप्प राहणं मला सोयीचं वाटलं.

भाऊ तो पंप शर्टाच्या खिशात, पेनासारखा, टोक बाहेर दिसेल असा ठेवतात. लग्नात पंगत बसली की आधी पंप, मग वरणभात. पाळी गावच्या खाणीवर त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, लाल धूळ खाल्ली, वर विड्या ओढल्या. तेव्हा दमा होता, खराखुरा. "हो दमो कमावलेलो आसा, दोतोर," असं ते छाती ठोकून सांगतात. मी डॉक्टर नाही, औषधं विकतो. भाऊंना तेवढा फरक मान्य नाही.

घरापुढच्या सोप्यावर, म्हणजे दाराजवळच्या दगडी बाकावर, रोज सकाळी त्यांची कचेरी भरते. खोकत येणाऱ्याला भाऊ नुसत्या आवाजावरून दर्जा देतात. खाणीचा ट्रकवाला पहिला वर्ग, क्रशरवाला दुसरा. पाव भाजणाऱ्या पोदेराला भट्टीच्या धुरामुळे कसाबसा प्रवेश. मोरजीला शॅक चालवणारा त्यांचा भाचा एकदा धापा टाकत आला, तर त्याला हाकलला. "समुद्राचो वारो खाऊन कोणाक दमो लागता रे? तुजी सर्दी. घराक जा!"

बायकांना तर दारच बंद. "बायलमनशांक दमो नसता. तांकां फकत धाप. बडबड करून लागता!"

हे चालू असताना त्यांची बायको, शालूवहिनी, आत न्हाणीच्या चुलीत नारळाच्या सुक्या सालींची सोडणं सारत खोकत असायच्या. भाऊ बाहेरून ओरडत, "गो, बडबड कमी कर!"

"कोणाकडे करूं? सोडणांकडे?" आतून उत्तर.

एकदा मी धीर केला. "भाऊ, दमा लहानपणी मुलग्यांना जास्त होतो, पण मोठेपणी बायकांनाच जास्त. काहींचा महिन्याच्या त्या दिवसांत वाढतो. तुम्हाला खाणीची धूळ, तर त्यांना चुलीचा धूर, धूप, लादी धुवायचं अ‍ॅसिड..."

भाऊंनी पंप खिशातून काढला, विचार केला, परत ठेवला. "म्हणजे सोडणां पेटवपी बायल आनी ट्रक हाकपी दादलो एकाच लायनीत? फाल्यां म्हणशी, तिका युनियनात घे!"

सगळा सोपा हसला. मीही हसलो. आत खोकला एकदम थांबला, म्हणजे वहिनींनी तो दाबला.

भाऊंचा दमा गेलाय, हे मला वानरांमुळे कळलं. खाणीचे ट्रक बंद होऊन बराच काळ लोटला होता. एका दुपारी वानरांनी त्यांचा पिकायला आलेला फणस फोडला. भाऊ काठी घेऊन मागची टेकडी चढले, वानरांच्या सगळ्या पूर्वजांचा उद्धार करत, मध्ये श्वाससुद्धा न घेता. वर मी काजू गोळा करत होतो. मला पाहताच हात छातीला. "खॉक्! मेलों रे, दोतोर!"

मग पंप इतक्या लवकर संपतो कसा? हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. उत्तर मिळालं असतं.

गणेशचवथीच्या आधी एका सकाळी पंप द्यायला परसातून गेलो. चुलीपुढे खुद्द भाऊ, डोळे चोळत सोडणं सारतायत. "हो धूर दादल्यांचो, बायलांचें काम न्हय," असं फर्मान निघालं होतं म्हणे. धुपाटणंही बाहेर तुळशीपाशी हद्दपार. मागल्या दाराआड वहिनी भाऊंचा जुना पंप ओढत होत्या. भाऊंची त्यांच्याकडे मुद्दाम पाठ. वहिनींनी पंप दाबला की भाऊ एवढ्या जोराने खोकत, की शेजाऱ्यांना त्यांचाच आवाज जावा.

वहिनी आत गेल्या. भाऊंनी मला पाहिलं.

"गप राव. तिका वाटता, माका खबर ना."

"पण भाऊ, त्यांना डॉक्टरकडे..."

"येतली? सगळ्या वाड्याक हांवेंच सांगलां, बायलांक नसता म्हणून. आतां ती लजता. विचारलें तर म्हणता, हांव बरी आसां." त्यांनी एक सोडण उगाच चुलीत ढकललं. "तूं सांग. तुजें आयकतली."

मी "बरं" म्हटलं.

चवथ गेली, दिवाळी गेली. नवऱ्याच्या पंपावर वहिनींचं भागतंय असं तिघंही धरून चाललोय. त्यांची छाती अजून कुणी तपासलेली नाही, आणि नुसत्या पंपावर राहणं किती धोक्याचं, हे तिघांत फक्त मला कळतं.

सोप्यावर सगळ्यांसमोर मी हसलो होतो. त्याच सोप्यावर, सगळ्यांसमोर, "वहिनी, तुमची छाती तपासायला हवी, चला," एवढं म्हणणं मी त्यांना देणं लागतो. अजून म्हटलेलं नाही.