शॉवरखालचं ग्राउट वाळण्याविषयी

हॉस्पिटलमधून फोन आला त्या दिवशी आमच्या बाथरूममध्ये शॉवरखालच्या टाइलच्या फटींत ग्राउट भरून नुकतंच झालं होतं. बायकोला घरी आणलं की तिचा पाय घसरू नये म्हणून मुद्दाम खरखरीत टाइल बसवून घेतल्या होत्या. ती आली नाही. ग्राउट मात्र ओलं होतं, आणि ओल्या ग्राउटपुढे कुणाचंच काही चालत नाही.

भेटायला येणाऱ्या मंडळींची यामुळे मोठी सोय झाली. बायको गेलेल्या माणसाशी काय बोलावं, हे भल्याभल्यांना सुचत नाही. येणारा माझा हात हातात घेई, "काय बोलणार!" म्हणे आणि खरोखरच काही बोलत नसे. मग तो हात धुवायला बाथरूमकडे वळे. तिथे दारात आडवं स्टूल, त्यावर 'ओलं आहे' अशी पाटी. परत येईपर्यंत त्याला कंठ फुटलेला असे.

मला सगळ्यांना तिची शेवटची दुपार सांगायची होती. फार मोठं काही नाही. ती खूप हसली होती, एवढंच. (कशाला हसली, ते सांगायला दोन मिनिटं लागतात.)

"आदल्या दुपारी ती..." मी सुरुवात करी.

"भाऊजी, आत पंखा लावलाय ना?" मेहुणा विचारी.

"पंखा कसला लावताय!" शेजारच्या काकू मध्ये पडत. "भेगा पडतील. ओलं फडकं फिरवायचं असतं. तुम्ही बसा, मी करते."

बघता बघता दोन पक्ष पडले. पंख्याच्या पक्षाचा पुढारी मेहुणा, फडक्याच्या पक्षाच्या काकू. (माझे साहेब तटस्थ. त्यांच्या मते मुळात टाइलच चुकल्या.) दोघांनीही निष्ठेने काम केलं. सकाळी काकू सगळ्या फटी भिजवून जात. संध्याकाळी मेहुणा येऊन पंखा लावी आणि अजून ओलं कसं, याचं नवल करत चहा पिई. ग्राउटच्या पुड्यावर वाळायला एका दिवसाची मुदत छापली होती, पण पुडा बनवणाऱ्यांना आमचे नातेवाईक ठाऊक नव्हते.

ही आस्था पाहून खरंच भरून येतं. लांबच्या मावसबहिणीचा फोन आला तो "वाळलं का रे?" असाच. मी केलेल्या पाहणीनुसार (खुर्चीत बसून केली) आलेल्या झाडून सगळ्यांनी ग्राउटला हात लावून पाहिला. माझ्या खांद्याला निम्म्यांनी.

आंघोळीला मी शेजारी जात होतो. खांद्यावर टॉवेल टाकून निघालेला मी दिसलो की जिन्यातली माणसं थांबत, चेहरा गंभीर करत आणि विचारत, "अजून ओलंच?"

शेवटी मुलगी पुन्हा आली. तिने स्टूल बाजूला सारलं, आत जाऊन नखाने फट खरवडली.

"बाबा, दगड झालाय याचा. दुसऱ्याच्या घरी काय आंघोळी करताय?"

"काकू म्हणतात..."

"काकूंचं राहू द्या हो."

ती स्टुलावर टेकली. म्हटलं, आता हिला सांगावं.

"तू त्या दुपारी हॉस्पिटलमधून निघालीस ना, त्यानंतर आई..."

"सीलर मारलाय का बाबा? नाहीतर पाणी मुरेल आत."

ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. आवाज बसला होता. मी "नाही मारला" म्हटलं आणि तिला पाणी आणून दिलं.

ग्राउट वाळल्याची बातमी पसरली आणि लोकांचं येणंजाणं थांबलं. ते योग्यच झालं. काम झाल्यावर कुणी कशाला रेंगाळावं?

तुम्हीही इथवर आलात ते ग्राउटचं काय झालं हे बघायलाच. ती कशाला हसली, हे तुमच्याही मनात आलं नाही. हरकत नाही. सीलर मारायचा राहिला आहे. ती दुपार सांगायची राहिली आहे.