मागच्याची बारी

पडद्यावर एकच माणूस पवत व्हता, आन् तो माझा नवरा नव्हता.

धरणाच्या काठाला मांडव, मांडवात हा एवढा पडदा, वर ड्रोन फिरतोय त्याचं चित्र पडद्यावर. पाण्यात उतरले तवा सगळ्यांच्या टोप्या पिवळ्या. आता दिसतोय फकस्त पयला. बाकीचे कुठं गेले? पोरगी काखंत घेऊन मी पळाले नानांकडं. माईकवर नानाच व्हते.

नाना म्हंजे माझे चुलत सासरे. वारूळवाडीत आमच्या शेजारचंच घर. जलमभर बैलगाडा शर्यतीच्या घाटात माईक धरला. गाडा सुटायच्या आदी मालकाचं नाव, गाव पुकारायचं, मगच त्याची बारी पळायची. कुणाचा बैल नावाबिगर पळाला तर नानांना त्या दिवशी जेवण जात न्हाई.

काकी गेल्या तवापासून नाना टीव्ही लावतेत, आवाज बंद करतेत आन् सोताच बोलतेत. त्यात त्यांना ही तिहेरी शर्यत घावली. आदी पवायचं, मग सायकल, मग पळायचं. सगळे परदेशातले. नाना एकेकाला गाव देतेत. "हा हिरव्या टोपीचा आणे गावचा. घरी पाणी न्हाई, म्हणून हितं पवायला आलाय." "ही बाई निमगाव सावाची, सायकलीवर माहेरी निघालीय."

टीव्हीवाल्यांवर लई राग. "पयल्याला काय दावता राव, तो काय हरवलाय? मागचा किती मागं हाय ते दावा. पाण्यातून निघून बूट घालताना कोण एका पायावर नाचतो ते दावा, खरी शर्यत तिथं हाय. नुसतं पवणं दावलं तर बादलीत धुणं भिजलेलं बघितल्यावानी."

तसलीच शर्यत आमच्या धरणावर ठेवली, आन् आमच्या ह्यांचा फॉर्म कंपनीतल्या दोस्तांनी भरला. हे पवायला शिकले हिरीत, एका काठापासून दुसऱ्या काठापातूर. आन् माईकवर बोलणारा शहरातला माणूस आलाच न्हाई, म्हणून माईक नानांना.

"नाना, हे दिसंनात," मी म्हणले. "ते वरचं मागं फिरवायला सांगा, पाया पडते."

नानांनी इचार केला न्हाई. "ड्रोनवालं पावणं, मागं वळा. वारूळवाडीची बारी बाकी हाय."

ड्रोनवाला मंचरचा. घाटात नानांचा शब्द मोडत न्हाईत हे त्याला ठावं. वळला. लई मागं एक पिवळी टोपी बोटीला हात लावून चूळ भरत व्हती. हेच.

मला रडू फुटलं, पण नाना सुटले. "गडी चूळ भरतोय. घाई न्हाई, धरण कुठं जात न्हाई." मांडव हासला. मग नानांनी ड्रोन सोडलाच न्हाई. ह्यांनी टी-शर्ट उलटा घातला, दिसला. हे सायकलवरनं उतरून वाटंवरच्या एका मावशीच्या दारात पाणी प्याले, मावशी बी दिसली, तिनं पदर सारखा केला. तिकडं पयला आला, रिबन तोडून हात वर करून उभा, आन् पडद्यावर आमचे हे चेन बसवत बसलेले. पडद्यावर दावायला पयल्याला परत पळ म्हणले, तर तो आडवाच झाला.

शर्यत भरवणारे साहेब तापले. "कॅमेरा मागे न्यायला कुणी सांगितलं?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघून पोरीचं टोपरं बांधाय लागले. ते बांधलेलंच व्हतं.

"मीच," नाना म्हणले. "वय झालं साहेब, पुढचं दिसत न्हाई."

माईक काढून घेतला. साहेब आमच्याच गावचे, यात्रा कमिटीत बी तेच. यंदाच्या यात्रेत घाटात पुकारायला दुसरा माणूस. नाना तिकडं फिरकलेच न्हाईत.

काल भाकरी घेऊन गेले. दार उघडं, टीव्ही बंद. मला अंगणात बघून नानांनी मूठ तोंडाशी धरली. "वारूळवाडीची सूनबाई. पोर काखंत, ताट हातात, दमली हाय, पण बारी चालू हाय. वाट सोडा, वाट सोडा."

वाटंत कुणीच नव्हतं.

साहेबांचं घर वेशीपाशीच हाय, रोज त्याच्यावरनं जाते. ड्रोन मीच फिरवायला लावला असं साहेबांना बोलले तर घरात म्हणतील, हिच्यापायी म्हाताऱ्याचा माईक गेला. ह्यांना बी अजून सांगितलं न्हाई. तुमी असता तर काय केलं असतं?