शेवटच्या पांढऱ्या दवाची दवंडी

एका जंगलात एकही झाड नव्हतं. मग ते जंगल कसलं, असं तुम्ही विचाराल. बाळांनो, दप्तरात त्याची नोंद जंगल अशी होती, म्हणून ते जंगल. बाकी सगळी वाळू.

दिवसा तिथे अंगाची लाही व्हायची. पण पौषात एखाद-दोन पहाटे अशी थंडी पडायची की दव गोठून पानांवर पिठीसाखरेसारखा थर बसायचा. त्याला तिथले प्राणी पांढरं दव म्हणत. ते पडलं की दुपारपर्यंत टोमॅटोची रोपं काळी. बरं, त्या भीतीने उशीर करावा, तर चैत्रात झळा सुरू व्हायच्या आणि फुलं गळून जायची. मधे जेमतेम दोन-अडीच महिने मिळायचे. त्यात जो पिकवेल तो खाईल.

सकवार नावाची एक साळिंदर तिथे म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायची. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पांचे दात केव्हाच पडले होते. मुळं नाही, कंद नाही, काही चावायचं नाही. टोमॅटोचं सार हाच त्यांचा आधार. मागच्या वर्षी लावणीला उशीर झाला, सार काही मिळालं नाही, आणि ज्येष्ठात अप्पांची हाडं मोजता येऊ लागली.

उशीर का झाला, ते सांगतो. तिथला राजा होता उंट. एका वर्षी महाराजांची वांगी पांढऱ्या दवाने गेली. इतरांची दरवर्षी जात होती, पण ही महाराजांची होती. लगेच समिती नेमली गेली. अध्यक्ष झाल्या घोरपडबाई. त्या खुर्चीला एकदा चिकटल्या त्या चिकटल्याच.

समितीने एकच नियम केला. शेवटचं पांढरं दव पडून गेलं की समिती दवंडी पिटणार. त्याआधी कुणी एक रोपही लावायचं नाही. मागच्या वर्षी ती दवंडीच उशिरा पिटली गेली.

यंदा पौष संपला. दव पडलं, पण ते पाणीच राहिलं. माघ लागला, वाळू तापायला लागली. सकवार समितीच्या कचेरीत गेली.

"बाई, थंडी सरली. लावणी करू का?"

"पांढरं दव पडलं?"

"नाही पडलं."

"मग गेलं कसं म्हणता? आधी येईल, मग जाईल."

"आणि आलंच नाही तर?"

घोरपडबाईंनी नियमांचं बाड पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. "न येण्याची तरतूद नाही," त्या म्हणाल्या.

सकवार घरी आली. अप्पा दारात गुडघे चोळत बसले होते.

"थंडी यायची तर आधी माझ्या गुडघ्यांत येते," अप्पा म्हणाले. "यंदा गुडघे गप्प आहेत. तू लाव."

"नियम आहे ना, अप्पा."

"नियमाला दात आहेत, पोरी. मला नाहीत."

सकवारने टेकाडामागे वीस रोपं लावली. न जाणो, म्हणून ती रोज संध्याकाळी त्यांच्यावर गोणपाट घालायची आणि सकाळी काढायची. फाल्गुनात रोपांना टोमॅटो लगडले. चार तर पिवळे पडू लागले. ती रोज जाऊन मोजायची आणि अप्पांना सांगायची. अप्पा नुसतं ऐकूनच ओठ चाटायचे.

बाकीचं जंगल दवंडीची वाट बघत बसलं होतं. फाल्गुन संपत आला तेव्हा ससे-कोल्हे राजवाड्यावर गेले. महाराजांनी मान वर करून विचार केला. मान लांब होती, त्यामुळे वेळ लागला.

"दव येत नसेल, तर आणा," महाराज म्हणाले.

डोंगरापलीकडून भुशात गुंडाळून बर्फाच्या लाद्या आल्या. वाहतूक महाराजांच्या मेहुण्यांकडे होती. आता अडचण एकच राहिली. दव पडल्याची नोंद करायला उभं पीक काळं पडलेलं दिसावं लागतं. आणि सगळं जंगल नियमाने चालणारं, उभं पीक होतं कुणाकडे?

टिटवीला टेकाडामागचं दिसलं. टिटवीला काही दिसलं की ते सगळ्यांना ऐकू येतं.

सकाळीच समिती सकवारच्या दारात आली. मागे महाराज, मेहुणे आणि बर्फ. सकवार दोन पावलं मागे सरली.

"घाबरू नका," घोरपडबाई म्हणाल्या. "कारवाई नाही. तुमचं सहकार्य हवंय."

टेकाडामागे बर्फाचा चुरा करून त्यात वीसही रोपं पुरून टाकायला सुरुवात झाली. सकवारचे सगळे काटे उभे राहिले. मग तिने ते खाली घेतले आणि हात जोडले.

"चार दिवस थांबा, बाई. चार फळं लाल होतायत. माझ्या अप्पांपुरती."

"आधीच उशीर झालाय," घोरपडबाई म्हणाल्या. आणि ते खरंच होतं.

दुपारपर्यंत रोपं काळी पडली. पंचनाम्यात लिहिलं गेलं, 'अंदाजाप्रमाणे पांढरे दव पडले व गेले.' संध्याकाळी दवंडी पिटली. साऱ्या जंगलाने हौसेने लावणी केली. पंधरा दिवसांत झळा सुरू झाल्या आणि रोपं जागच्या जागी वाळली. पण ती उन्हाने वाळली होती, आणि ऊन समितीच्या अखत्यारीत येत नव्हतं.

उलट, साऱ्या राज्यात दवाने फक्त वीस रोपं गेली, असा विक्रम झाला. महाराजांनी समितीला मुदतवाढ दिली. सहकार्याबद्दल भर दरबारात सकवारला शाल आणि नारळ मिळाला.

तिने नारळ घरी आणून अप्पांच्या पुढ्यात ठेवला. अप्पांनी तो कानाशी धरून हलवून पाहिला.

"पाणी आहे गं," ते म्हणाले. "खोबरं तू खा."

तात्पर्य : जो वेळेवर लावतो, त्याच्याच रोपांना फळ धरतं. म्हणून बाळांनो, नेहमी सगळ्यांच्या बरोबरीने उशीर करावा.