छोट्या तोंडाचे डॉलर

"परदेशात जाऊन भोळसटासारखे पूर्ण भावात पैसे खर्च करणारे वेगळे, मिली! तुझा नवरा त्यातला नाही! माझ्याकडे युक्ती आहे!"

फाकुंदोनं येर्बाच्या चहाचा कडू घोट नळीनं ओढला आणि मिलाग्रोस सावध झाली. मागच्या युक्तीत घरातला फ्रीज गेला होता.

तिला युक्ती नको होती, बाल्कनी हवी होती! जानेवारीत ब्राझीलच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं होतं. नऊ महिन्यांची रेनाता दुपारी झोपणार आणि तिच्या उशाशी आई बसणार, यात काही बदल व्हायचा नव्हता. मग निदान डोळ्यांना तरी समुद्र नको? पण समुद्राकडची खोली महाग, आणि हॉटेलवाली ती शुक्रवारपर्यंतच राखून ठेवणार होती.

युक्ती अशी. ब्युनोस आयर्समध्ये शंभर डॉलरच्या नोटेवरच्या म्हाताऱ्याचं तोंड मोठं असावं लागतं. जुन्या नोटेवर ते लहान आहे, म्हणून तिला सावत्र पोरासारखी वागणूक! नोट खरी, पण गुहेत भाव कमी. गुहा म्हणजे डॉन ऑरेलियोच्या फुलांच्या दुकानामागची खोली. पुढे कार्नेशन, मागे काळ्या बाजारातले डॉलर. पोलिसांना ठाऊक नाही, कारण तेही तिथूनच घेतात.

"ब्राझीलमध्ये तोंड कोण बघतंय? इथे छोट्या तोंडाचे स्वस्तात घ्यायचे, तिथे पूर्ण भावात मोडायचे! पण तुझ्या आईला एक अक्षर सांगायचं नाही. त्यांना सांगितलं की गल्लीला सांगितलं!"

रविवारी आई, म्हणजे नेलिदाबाई, रॅव्हिओली घेऊन आल्या. फाकुंदोच्या पोटात ज्ञान मावेना, युक्ती तर फोडायची नव्हती. म्हणून त्यानं अर्धंच ओकलं.

"सासूबाई, छोट्या तोंडाच्या नोटा नाहीत ना तुमच्याकडे? थोड्या दिवसांनी त्यात कुणी शेंगदाणेसुद्धा बांधून देणार नाही!"

नेलिदाबाईंचा काटा हवेतच थांबला. "अगदीच?"

"अगदीच!"

त्या दिवशी त्यांनी रॅव्हिओली दुसऱ्यांदा घेतली नाही. इतिहासात प्रथमच.

गुरुवारी फाकुंदो शीळ घालत आला आणि त्यानं टेबलावर नोटा पसरल्या.

"बघ! कालच आल्यात म्हणे. कोऱ्या करकरीत! कुणीतरी घाबरट गिऱ्हाईक मातीमोल भावात टाकून गेलं!"

मिलाग्रोसनं एक नोट उचलली. नोटेला लव्हेंडरचा वास येत होता. हिवाळी ब्लँकेटात लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवणारी आणि नोटांना इस्त्री करणारी बाई साऱ्या लानूस उपनगरात एकच होती! एका नोटेचा कोपरा तर इस्त्रीनं करपलेलाही होता.

तेवढ्यात ती बाई दारात उभी राहिली. हातात पाकीट.

"मिली, हे घे. तुझ्या बाल्कनीसाठी जपून ठेवले होते गं. पण त्या मेल्या ऑरेलियोनं इतके कापले की आता बाल्कनीचा कठडासुद्धा येईल की नाही..." त्यांची नजर टेबलावर गेली. "अगंबाई! माझे डॉलर!"

पुढची पाच मिनिटं जे झालं त्यानं रेनाता आनंदानं टाळ्या पिटू लागली. मग बाबागाडीसकट सगळी वरात गुहेवर!

"माझ्या नोटा परत करा!" नेलिदाबाई कडाडल्या.

डॉन ऑरेलियो गुलाबाचे काटे काढत होता. "सेन्योरा, त्या तुमच्या जावयाकडेच आहेत."

"आणि माझे कापलेले पैसे?"

"ते माझ्याकडे आहेत."

"अहो, एकाच घराला दोन्हीकडून लुटता? लाज नाही वाटत?" मिलाग्रोस बाळाला काखोटीला मारून पुढे सरसावली.

"मुली, बाई आल्या तेव्हा छोट्या तोंडाला कुणी विचारत नव्हतं. साहेब आले तेव्हा मागणी होती. बाजार आहे!"

"मग मी या परत करतो!" फाकुंदो गरजला.

डॉन ऑरेलियोनं एक नोट उजेडात धरली आणि हळहळला. "परत घेतो की. पण तोंड छोटं आहे हो... आणि हा कोपरा करपलाय."

रेनातानं हात लांबवून त्याचं सगळ्यात महाग ऑर्किड मुळासकट उपटलं. तेही विकत घ्यावं लागलं!

पैसे कमी पडले आणि शुक्रवारी बाल्कनी गेली.

ब्राझीलमध्ये मागच्या बाजूची खोली मिळाली. एकच खिडकी, समोर एक भिंत. दुपारी रेनाता आईचं बोट मुठीत धरून झोपली. समुद्र ऐकू येत होता, दिसत नव्हता. दिसत होती ती भिंतीवर रंगवलेली नोटा बदलणाऱ्याची पाटी, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत. लिहिलेलं होतं ते अर्जेंटिनातून येणाऱ्या आपल्याच लोकांसाठी, स्पॅनिशमध्ये: 'सर्व डॉलर सारखे. तोंड पाहिलं जात नाही.'

सगळ्या नोटा पूर्ण भावात मोडून फाकुंदो दारात आला, छाती फुगवून.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?"

मिलाग्रोसनं उशी फेकली. हळूच. बाळ झोपलं होतं ना!