आधी वारा, मग राम राम

रिया, ओम, परवा व्हिडिओवर नानाआजोबा दिसले तेव्हा तुम्ही दोघंही हसलात. हा माणूस आपल्याशी बोलायचं सोडून बांबूला बांधलेल्या जांभळ्या चिंधीकडे का बघत बसतो, असं ओमनं विचारलं. दिवाळीत येणार आहात, त्याच्या तोंडावरही असंच हसाल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

नाना माझा धाकटा भाऊ. खुलताबादच्या पुढं त्याचं शेत, आणि शेतातच घर. दारात कुणीही आलं तरी नाना बोट ओलं करून वर धरतो. वारा कुठून आहे हे कळल्यावरच पाहुण्याला बसायला सांगतो. "आधी वारा, मग राम राम," हे त्याचं ब्रीद.

नानाच्या पुतणीच्या लग्नाचा मांडव असाच शेताकडेला होता. पलीकडे आल्याच्या पिकावर फवारणी सुरू झाली आणि नानानं जेवती पंगत उठवली. व्याही भात कालवत होते. "पत्रावळ उचला, व्याहीबुवा! पोटात वरण जाऊ द्या, औषध नको." व्याही बुंदीसकट विहिरीपलीकडे गेले. अजून ते त्याच्याशी धड बोलत नाहीत.

गेल्या वर्षी कुणीतरी फवारणीला ड्रोन आणला. नाना छत्री उघडून बांधावर उभा राहिला आणि वर बघून ओरडला, "ए पाखरा, माघारी फिर!" ड्रोनवाला लांब लिंबाखाली बसला होता. तो म्हणाला, "काका, त्याला ऐकू येत नाय." "मग तू ऐक की!"

सगळ्यात मोठं भांडण मात्र युसूफशी. पश्चिमेच्या बांधाला लागून त्याची कपाशी. चिंधी घराकडे झुकली की युसूफनं पंप चालवायचा नाही, हा नानाचा कायदा. युसूफला तो कबूल नव्हता.

"नाना, हवा तो अल्ला की है. मेरे पे कायकू चिल्लाते?"

"हवा अल्लाची, पण पंप तुझा!"

"अन् तुमच्या चिंधीपायी बोंडअळी माझी कपाशी खाती, तिला काय सांगू?"

युसूफचंही खोटं नव्हतं. वारा पडेपर्यंत अळी काही उपास धरत नाही.

आता चिंधीचं सांगते. ती कुसुमच्या, म्हणजे नानाच्या बायकोच्या लुगड्याची आहे. काही वर्षांपूर्वी भादव्यात तिनं अंगणात मुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. युसूफच्या रानातून फवाऱ्याचं धुकं आलं. दुसरी कुणी असती तर नाकाला पदर लावून घरात पळाली असती. कुसुमनं त्याच लुगड्याचा पदर शेंगांवर पसरला, खाण्यात औषध जाऊ नये म्हणून, आणि शेवटची शेंग उचलेपर्यंत तिथंच बसली.

संध्याकाळी ओकाऱ्या, डोळ्यांना धार, छातीत घरघर. नानानं आधी गूळ भरवला. गुळानं औषध उतरतं, असं सगळे म्हणतात, उतरत नाही. मग शहरातलं इस्पितळ गाठलं. कुसुम वाचली, पण दम कायमचा मागं लागला. फवारणीच्या दिवसांत शेतावर राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून नागपंचमी ते दिवाळी ती शहरात, मुकुंदवाडीला माझ्याकडे असते. गॅलरीत बसून म्हणते, "वन्सं, इथं समदं हाय, पण माझं अंगण नाय."

यंदा ती हट्टालाच पेटली. "महालक्ष्म्या माझ्या घरी बसणार, अन् मी इथं पाव्हणी?" शेवटी न कळवता आम्ही गाडी करून गेलो.

नाना पूजेचं सामान आणायला गेला होता. घराच्या पूर्वेच्या भिंतीआड कुसुमची वेताची खुर्ची मांडलेली होती. स्वच्छ पुसलेली, शेजारी पाण्यानं भरलेला, झाकलेला तांब्या. बांधावर युसूफ उभा. पंप पाठीवर, अजून सुरू केलेला नव्हता.

"आक्का, ती खुर्ची बघा," तो म्हणाला. "नाना दिवसभर फिरवत ऱ्हातो. वारा तिकडून आला की इकडं, इकडून आला की तिकडं, सूर्यफुलागत. मैं बोला, चाची तो शहर में है, खाली खुर्ची कू कायकू फिराते? तर म्हणे, ती अचानक आली तर?"

तेवढ्यात नाना आला. बोट ओलं करायचं विसरला. "कळवायचं तरी," एवढंच म्हणाला.

कुसुम खुर्चीत बसली. चिंधी घराकडेच झुकलेली होती. भिंतीच्या आडोशानं औषध थांबत नाही, हे नानालाही ठाऊक आहे. तो बांधाकडे बघत राहिला. पहिल्यांदाच ओरडला नाही.

युसूफनं पाठीवरचा पंप उतरवून खाली ठेवला. "चाची हाय तवर ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "अळीला पण सणाची सुट्टी."

महालक्ष्म्या उठल्यावर आम्ही दोघी परत आलो. तेव्हापासून कुसुमला अंगणात जायचं असेल तर ती आधी युसूफला फोन करते, मग नानाला. नाना त्यावर रुसलेला आहे.

ते जांभळं लुगडं विरून गेलं. चिंधी आहे, खुर्ची आहे, आणि खुर्चीत बसणारी आहे.